हजार बिड्यांमागचं गणित

‘२१ दिवसांत कुशल कारागीर व्हा’ अशी एक जाहिरात परवा बेळगावात हाती पडली. हा २१चा आकडा कुठून येतो, देव जाणे. आपले हात काही पंचांग बघून शिकत नाहीत!

निपाणीत बिडी वळणारी बाई बघा. मांडीवर सूप, त्यात जर्दा, शेजारी भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पान कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. सगळं शेजारणीशी गप्पा मारत. हात बसलाय म्हणतो आपण. पण बसतो म्हणजे नेमकं काय होतं?

यंत्रावर सिगार बनवणाऱ्या कामगारांचा वेग क्रॉसमन या ब्रिटिश संशोधकाने तपासला आणि १९५९ साली प्रसिद्ध केला. लाखो सिगार करून झाल्यावरही वेग वाढतच होता. तो अडला यंत्राच्या स्वतःच्या वेगापाशी. वेग वाढायचा मात्र कसा? नगांची संख्या दसपट झाली की एका नगाला लागणारा वेळ साधारण ठराविक टक्क्यांनी घटतो. दोन्ही अक्षांवर लॉगरिदमचं माप (दर दसपटीला सारखंच अंतर) घेतलं तर आलेख जवळपास सरळ रेषा होतो. आता रोज हजार बिड्या धरा. दहा हजारांचा टप्पा १० दिवसांत, लाखाचा १०० दिवसांत, दहा लाखांचा १००० दिवसांत. पुढच्या तेवढ्याच सुधारणेला कोटी बिड्या, म्हणजे १०,००० दिवस!

असं का व्हावं? क्रॉसमनचं उत्तर मला फार आवडतं. नवशिक्याच्या हाताकडे एकाच कामाच्या अनेक रीती असतात: चिमूट जरा मोठी, अंगठा जरा तिरका, दोऱ्याला एक वेढा जास्त. प्रत्येक वेळी यातली कुठलीतरी वापरली जाते. ज्या रीतीला सरासरीपेक्षा जास्त वेळ लागतो, ती पुढे निवडली जाण्याची शक्यता थोडी घटते. झटपट रीतीची वाढते. सुरुवातीला गचाळ रीती भरपूर, म्हणून सुधारणाही भराभर. पुढे उरलेल्या रीतींत फरकच थोडा, मग निवड रेंगाळते. करणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

मेख पुढेच आहे. वेळ वाचला की नाही हे हाताला तिथल्या तिथे कळतं. बिडी ढिली झाली हे मात्र माल तपासताना छाट, म्हणजे नाकारलेल्या बिड्या, निघाल्यावर कळतं. तोवर हजार बिड्या होऊन गेलेल्या. त्यातली कुठली, कशामुळे बिघडली, हे शोधायचं कसं? त्यामुळे वेग वाढतो आणि छाट तेवढीच राहते. शेजारची जाणती बाई बिडी दोन बोटांत दाबून ‘ढिली झाली गं’ म्हणते, तेव्हा चूक आणि तिचं कारण अजून हातातच असतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवरच्या पोरालाही मायक्रोमीटर, म्हणजे नगाचं बारीक माप घ्यायचं साधन, त्याच्याच हाती द्यावा, प्रत्येक नगानंतर. तपासनिसाचा शेरा संध्याकाळी येतो.