सर्दी आणि व्हिटॅमिन सी: पन्नास वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

सर्दी टाळायची तर व्हिटॅमिन सी घ्या, हा सल्ला घरोघरी पोचला तो १९७० साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकामुळे. लेखक रसायनशास्त्रज्ञ, नावावर दोन नोबेल (त्यातलं एक शांततेचं), आणि सांगणं असं की रोज एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त घ्यावं. वास्तविक १९४२ मध्येच मिनेसोटातल्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता आणि त्यात सांगण्याजोगा फरक दिसला नव्हता. पुस्तकाचा भर होता तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वित्झर्लंडमधल्या शिबिरातल्या २७९ स्कीपटूंवरच्या अभ्यासावर. बर्फात दिवसभर घाम गाळणाऱ्यांना जे लागू पडलं ते कचेरीत बसणाऱ्यांनाही लागू पडेल, हे गृहीतच धरलं गेलं.

पुस्तकाचं म्हणणं खोडून काढायच्या हेतूने टोरांटोत लगेच एक मोठी चाचणी घेतली गेली. रोज एक ग्रॅम, आणि आजारी पडल्यावर पहिले तीन दिवस चार ग्रॅम. १९७२ मध्ये आलेला निकाल दोन्ही बाजूंना अडचणीचा होता. सर्दी होणाऱ्यांच्या संख्येत फारसा फरक नव्हता; मात्र आजारपणामुळे घरी काढावे लागलेले दिवस सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. सर्दी होते का आणि झाली तर किती दिवस टिकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची सरमिसळ आजही थांबलेली नाही.

खरा गुंता १९७५ च्या चाचणीने केला. मेरीलँडमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेचे ३११ कर्मचारी स्वखुशीने सामील झाले. काहींना रोज तीन ग्रॅम, काहींना सर्दी झाल्यावर तेवढंच, काहींना दोन्ही वेळा, आणि उरलेल्यांना नुसत्या साखरेच्या कॅप्सूल. ही साखर म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज. ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सी, आंबट; लॅक्टोज गोडसर. कर्मचारी जाणकार होते. काहींनी कॅप्सूल फोडून चव घेतली आणि आपल्याला काय मिळतंय ते ओळखलं. नऊ महिन्यांनी १९० जण उरले. दोन्ही वेळा औषध घेणाऱ्यांची सर्दी साधारण एका दिवसाने लवकर बरी झाली होती. पण ज्यांना काहीच ओळखता आलं नव्हतं, त्यांच्यात हा फरक दिसेना. संशोधकांनी निष्कर्ष काढला की तो एक दिवस औषधाचा नसून समजुतीचा आहे.

पुढे वीस वर्षं हेच वाक्य फिरत राहिलं. १९९६ मध्ये फिनलंडच्या एका संशोधकाने ती आकडेवारी पुन्हा मांडली आणि दाखवलं की अंदाज बांधणारे व न बांधणारे अशी विभागणी करताना बरेच जण हिशेबातून गळले होते, आणि समजुतीचं स्पष्टीकरण सगळ्या गटांना सारखं लागू पडत नाही. माझ्या मते त्याचा आक्षेप रास्त आहे. मूळ चाचणी सदोष होती, म्हणून ती औषधाच्या बाजूने नाही तशी विरोधातही वापरता येत नाही. आणि व्हिटॅमिन सी जिंकलं असं धरलं तरी मिळतं काय, एक दिवस.

२०१३ च्या एकत्रित आढाव्यात २९ चाचण्या आणि ११,३०६ माणसं होती. सर्वसामान्य लोकांत रोजच्या गोळीने सर्दीची वारंवारता कमी झाली नाही. कालावधी मोठ्यांत सरासरी ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के घटला; सात दिवसांच्या सर्दीत मोठ्या माणसाचा जेमतेम अर्धा दिवस वाचला. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेऊन खात्रीलायक फायदा दिसला नाही. अपवाद एकच: मॅरेथॉन धावपटू, स्कीपटू आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक, एकूण ५९८. त्यांच्यात सर्दी जवळपास निम्मी झाली. म्हणजे १९६१ चे ते स्कीपटू खोटे नव्हते, त्यांच्यावरून काढलेला अर्थ चुकला.

आपल्याकडे हा वाद पोचला तो करोनात. २०२०-२१ मध्ये संत्र्याच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळेनाशा झाल्या, झिंकसकट त्या चिठ्ठीवर सर्रास लिहिल्या जात होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतली २१४ रुग्णांची चाचणी आली. आठ ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ५० मिलिग्रॅम झिंक देऊनही उपयोग दिसेना, म्हणून ती मध्येच थांबवली होती. चिठ्ठ्या मात्र थांबल्या नाहीत. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं स्वाभाविक असतं, हे आईवडिलांना समजावून सांगण्यापेक्षा ‘इम्युनिटी’चं सिरप लिहून देणं सोपं.

आता चर्चा ड जीवनसत्त्वाकडे वळली आहे. २०१७ मध्ये २५ चाचण्यांच्या विश्लेषणात श्वसनसंसर्ग थोडा कमी दिसला. ज्यांच्यात ड फारच कमी होतं त्यांना फायदा जास्त, आणि तोही रोज किंवा दर आठवड्याला घेतल्यास, एकदम मोठा डोस दिल्यास नाही. २०२१ मध्ये नव्या चाचण्या मिळवल्यावर परिणाम आणखी आक्रसला. २०२५ पर्यंत ४६ चाचण्या आणि ६४,०८६ माणसं झाली, तेव्हा उरलेला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. आपल्याकडे सर्रास मिळतं ते ६०,००० युनिटांचं पाकीट, आठवड्याला एक. २०२१ च्या विश्लेषणात थोडा फायदा दिसला होता तो रोजच्या ४०० ते १,००० युनिटांचा.