देणगीचा हेतू बदलायचा आहे? नुसता ठराव पुरत नाही

वसतिगृहासाठी आलेली देणगी वसतिगृह बंद पडल्यावर वाचनालयाकडे वळवायची, म्हणून विश्वस्त मंडळ एकमताने ठराव करतं आणि काम झालं असं समजतं. लेखापरीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो. विशिष्ट हेतूने दिलेला पैसा मंडळाच्या मर्जीवर नसतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 55 नुसार मूळ उद्देश निष्फळ ठरला किंवा निधी पडून राहिला, तर धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयाचे निर्देश घ्यावे लागतात. पुण्यात न्यायालय म्हणजे शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय. छोट्या संस्थेला ही वाट जड जाते, पण दुसरी नाही.

अर्जासोबत ट्रस्ट डीड (संस्थेचा स्थापनालेख), परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची प्रत), ठराव आणि लेखापरीक्षित ताळेबंद लागतात. ते सहसा मिळतात. अडतं ते देणगीदाराच्या पत्रावर. पेठांतल्या जुन्या संस्थांकडे बहुतेकदा नुसती पावती असते, आणि तिच्यावर 'देणगी' एवढाच शब्द. मग त्या वेळचं इतिवृत्त शोधा, ताळेबंदात निधी कोणत्या नावाने दाखवला ते पाहा, भिंतीवरच्या संगमरवरी पाटीचा फोटोही जोडा. देणगीदार हयात असतील तर त्यांचं लेखी म्हणणं जरूर घ्या, मात्र त्याने अर्ज टळेल असं धरू नका. मागची तारीख टाकून नवं पत्र तर कधीच करू नका. त्याने खरा दावाही संशयात जातो.

हेतू पूर्ण करणं का शक्य नाही, याचा पुरावा वेगळा द्या: रिकाम्या खोल्यांचं रजिस्टर, बंद पडलेल्या वर्गाची पटसंख्या. 'आता गरज उरली नाही' हे वाक्य पुरावा नव्हे.

जागा दान मिळाली असेल, तर नोंदणीकृत दानपत्राशिवाय ती संस्थेची होत नाही. अशा बदलाची नोंद धर्मादाय कार्यालयात व्हावी म्हणून बदल अर्ज 90 दिवसांत द्यायचा असतो. ही मुदत बदल घडला त्या दिवसापासून धरतात, इतिवृत्त कायम झालं तेव्हापासून नाही. इथे फार जण चुकतात.

कायम निधीसाठी, म्हणजे मूळ रक्कम राखून ठेवायच्या देणगीसाठी, तर आयकर कायद्यातही देणगीदाराचा स्पष्ट निर्देश लागतो. म्हणून नवी देणगी घेताना पावतीसोबतच पत्र घ्या आणि त्यात एक ओळ मागा: हा हेतू पुढे शक्य न झाल्यास रक्कम कशासाठी वापरावी.