‘मला काय त्याचं’पासून ‘यायलाच हवी’पर्यंत

टीव्ही स्टुडिओच्या आवारातून एक चोर पळत येतो. अंगात कोळ्याची ताकद आलेला पोरगा तिथेच उभा असतो. तो बाजूला होतो आणि चोर लिफ्टमध्ये शिरून निसटतो. मागून धापा टाकत आलेला पोलीस चिडतो. नुसता पाय आडवा घातला असतास तरी पुरलं असतं! पोरगा म्हणतो, ते तुझं काम. पुढे तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. ऑगस्ट १९६२मध्ये आलेली स्पायडरमॅनची ही पहिली कथा जेमतेम अकरा पानांची आहे.

त्याआधीच्या नायकांना ‘मला काय त्याचं’ म्हणण्याची मुभाच नव्हती. १९३८ सालचा सुपरमॅन पहिल्याच अंकात बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो, पुढे बेपर्वा खाणमालकाला जाब विचारतो. मी का करू, हा प्रश्न त्याला पडत नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी घरांत आलेल्या वेताळाचं, म्हणजे फँटमचं, कर्तव्य तर पिढीजात शपथेनेच ठरलेलं. १९५४च्या अमेरिकी कॉमिक्स आचारसंहितेने चांगल्याचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा सक्तीची केली. पण बाजूला उभं राहणं हा त्या संहितेच्या लेखी गुन्हाच नव्हता. स्पायडरमॅनचा अपराध म्हणूनच वेगळा आहे. त्याने कायदा मोडलेला नाही, कुणावर हातही उचललेला नाही.

या कथेतलं ‘मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते’ हे वाक्य आज टी-शर्टवर, भाषणांत, बँकेच्या जाहिरातीतही सापडेल, आणि ते बहुतेकांना चुकीचं पाठ आहे. पहिली चूक बोलणाऱ्याची. मूळ कथेत हे वाक्य काका म्हणत नाहीत. ते शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात येतं, काका गेल्यानंतर. काकांच्या तोंडी ते पुढे बसवलं गेलं आणि २००२च्या चित्रपटाने पक्कं केलं. दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते’ असं आपण म्हणतो. मूळ वाक्याचा रोख आहे, ‘जबाबदारीही यायलाच हवी’. या दोन क्रियापदांत सगळी नीती आहे. पाऊस येतो, म्हातारपण येतं, तशी जबाबदारी आपोआप येत असती तर तो पोरगा चोराला सोडताच ना. ताकद आली होती, जबाबदारी आली नव्हती, हीच तर ती कथा. काकांनी आधीच उपदेश केला होता असं मानलं, की उरते फक्त न ऐकल्याची शिक्षा. निवेदनातलं वाक्य मात्र उशिरा उमगलेलं आहे आणि ते आयतं कुणी हातात दिलेलं नाही.

मार्च १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका तरुणीचा खून झाला आणि अडतीस शेजारी नुसते बघत राहिले, अशी बातमी छापून आली. आकडा फुगवलेला होता, हे नंतर उघड झालं. ही घटना स्पायडरमॅनच्या कथेचं मूळ वाटू शकते, पण कथा तिच्या दीड वर्ष आधीची आहे. त्या घटनेचा खरा धागा जुळतो तो १९८६-८७च्या ‘वॉचमेन’ या कॉमिक्स मालिकेशी. त्यात रोर्शाक हा मुखवटाधारी नायक आपल्या मुखवट्याचं कापड त्याच तरुणीने मागवलेल्या पोशाखाचं असल्याचं सांगतो.

दरम्यान १९७३मध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू आली. पुलावरून पडणाऱ्या आपल्या प्रेयसीला, ग्वेनला, स्पायडरमॅन जाळ्याने झेलतो आणि त्या हिसक्यानेच तिचा जीव जातो. धावून गेल्याचीही किंमत असते. असा नायक वाचकांच्या पचनी पडायला वेळ लागला. नंतरच्या एका अंकात पत्रांच्या पानावर मृत्यूचं कारण स्पष्ट करावं लागलं.

‘वॉचमेन’मधला डॉक्टर मॅनहॅटन या सगळ्यांहून भयंकर, कारण त्याला अशक्य असं जवळजवळ काहीच नाही. व्हिएतनाममध्ये त्याच्या डोळ्यांदेखत एका गरोदर बाईला गोळी घातली जाते. गोळी घालणाराच त्याला सुनावतो, की तू या बंदुकीची वाफ करू शकला असतास, पण बोटही हलवलं नाहीस.

२००६च्या ‘सिव्हिल वॉर’ कॉमिक्स मालिकेत हा प्रश्न कायद्याच्या दारात गेला. अमेरिकेतल्या स्टॅमफर्डमध्ये महानायकांच्या एका कारवाईत शाळकरी मुलांसह शेकडो माणसं मेल्यावर महानायकांना सरकारदरबारी नोंदणी सक्तीची होते. स्पायडरमॅन आधी नोंदणीच्या बाजूने उभा राहतो आणि कॅमेऱ्यांसमोर मुखवटा काढतो. पुढे तो बाजू बदलतो, पण तोवर त्याचं नाव सगळ्या जगाला कळलेलं असतं. त्याच सुमारास, त्याच्या स्वतःच्या मालिकेत, त्याच्यावर झाडलेली गोळी काकूला लागते.