मीटरकडे पाहतं कोण? कारखान्यांना विचारल्या जाणाऱ्या ऊर्जा-प्रश्नांची पार्श्वभूमी

कारखान्याने वर्षभरात किती वीज जाळली, हे विचारणं त्यातल्या त्यात सोपं. बिलं असतात, त्यांची बेरीज होते. पण त्या विजेकडे कारखान्यात कुणी लक्ष देतं का, हे छापील फॉर्मवरून कसं विचारायचं? अमेरिकेतले सांख्यिकीवाले आणि अर्थतज्ज्ञ या प्रश्नाभोवती बरीच वर्षं घुटमळत आहेत.

सुरुवात अर्थातच तेलापासून. अरब देशांच्या 1973च्या तेलबंदीने अमेरिकी सरकारच्या लक्षात आलं की देशात ऊर्जा नेमकी कुठे मुरते याचा नीट हिशेबच नाही. 1977मध्ये ऊर्जा खातं उभं राहिलं आणि त्यातच ऊर्जा माहिती प्रशासन. या प्रशासनाने कारखान्यांच्या ऊर्जावापराची पहिली पाहणी 1985 सालासाठी केली. फॉर्म पाठवणं आणि गोळा करणं हे काम जनगणना विभागाकडे असतं. प्रश्न मुख्यतः ‘किती’चे होते. तेही दिसतात तितके सरळ नव्हते. कागद गिरणीत लाकडाचा लगदा शिजवल्यावर उरणारा काळा द्राव बॉयलरमध्ये जाळतात. तो विकत घेतलेला नसतो, त्याचं बिल नसतं, मग तो इंधनात धरायचा का? अमोनिया बनवणाऱ्या कारखान्यात नैसर्गिक वायूचा काही भाग जळतो आणि बराचसा थेट मालातच जातो. म्हणून इंधन म्हणून किती आणि कच्चा माल म्हणून किती, हे वेगवेगळं विचारावं लागलं.

पुढे याच पाहणीत व्यवस्थापनाचे प्रश्न शिरले. एनर्जी ऑडिट, म्हणजे ऊर्जावापराची तपासणी, झालं का, पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, सुधारला का, पूर्णवेळ ऊर्जा व्यवस्थापक आहे का, असे. उत्तर हो किंवा नाही. प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांत आणखी एक रकाना असे : ‘माहीत नाही’. मला त्या तक्त्यांत सर्वांत बोलका वाटतो तो हाच. फॉर्म भरणाऱ्या माणसालाच ऑडिट झालं की नाही हे ठाऊक नसेल, तर त्या ऑडिटचं कारखान्यात काय झालं असेल?

दरम्यान अर्थतज्ज्ञांना वेगळंच कोडं पडलं होतं. 1976पासून एका सरकारी योजनेत विद्यापीठांतले प्राध्यापक आणि विद्यार्थी लहान-मध्यम कारखान्यांत जाऊन फुकट ऊर्जा-तपासणी करून देत आले. अर्थतज्ज्ञ सोरेन अँडरसन आणि रिचर्ड न्यूवेल यांनी 2004मध्ये त्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुचवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी झालेली दिसली. पैसा साधारण सव्वा वर्षात वसूल होणार असेल तरच कारखाने हात घालत होते. दाबाखालच्या हवेच्या पाइपांना असलेली गळती कॉम्प्रेसरच्या हवेतला 20 ते 30 टक्के भागसुद्धा खाऊ शकते. ती बुजवायला नवं यंत्र लागत नाही, कुणीतरी शिट्टीसारखा आवाज ऐकून पान्हा घेऊन जावं लागतं. मग माणसं जात का नाहीत? संशय व्यवस्थापनावर आला.

व्यवस्थापन मोजायची युक्ती अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम, जॉन व्हॅन रीनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली होती. कारखान्याच्या मॅनेजरला फोन करायचा, मोकळे प्रश्न विचारायचे आणि त्याला न सांगता 18 बाबींवर 1 ते 5 गुण द्यायचे. ब्रिटनमधल्या कारखान्यांवरच्या ब्लूम आणि इतर काही सहकाऱ्यांच्या 2010च्या अभ्यासात, व्यवस्थापनाच्या उतरंडीत तळापासून एक चतुर्थांश उंचीवरून तीन चतुर्थांश उंचीवर गेलं की उत्पादनामागे लागणारी ऊर्जा 17.4 टक्क्यांनी कमी दिसली. त्याच सुमारास अमेरिकी जनगणना विभागाने 2010 सालासाठी व्यवस्थापन-पद्धतींची पहिली मोठी पाहणी केली. हजारो कारखाने म्हणजे फोन शक्य नाही. मोकळ्या गप्पांच्या जागी ठरावीक पर्याय आले, आणि उत्तरातून आणखी खोदत जाणारा मुलाखतकार गेला.

2014मध्ये गेल बॉइड आणि मार्क कर्टिस या अर्थतज्ज्ञांनी पाचर मारली. चांगलं व्यवस्थापन बहुतांशी ऊर्जा वाचवतं, पण नुसता सर्वसाधारण उद्दिष्टांवर भर असेल, तर इतर गोष्टी सारख्या असताना ऊर्जावापर उलट वाढतो. समजण्यासारखं आहे. इतके नग निघालेच पाहिजेत म्हटलं की भट्टी थंड होऊ द्यायला कोण धजावेल? म्हणजे ‘उद्दिष्ट आहे का’ एवढं पुरत नाही, कशाचं उद्दिष्ट तेही विचारावं लागतं. ऊर्जेचे स्वतंत्र प्रश्न हवेत, ही निकड इथली.

पण प्रश्न सुचला म्हणून छापता येत नाही. 1983मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ आणि सर्वेक्षणवाले एका परिसंवादात एकत्र बसले. त्यातून पुढे आलेल्या मानसशास्त्रज्ञ रॉजर टुरँजो यांच्या मांडणीत उत्तराचे चार टप्पे होते : समजणं, आठवणं, अंदाज बांधणं, सांगणं. कारखान्याच्या बाबतीत त्याच्याही आधी एक टप्पा येतो. माहितीची कुठेतरी नोंद झालेली असावी लागते, आणि ती कुणाकडे आहे हे कळावं लागतं.

छापण्याआधी प्रश्नाची तपासणी कशी चालते हे समजायला एक कल्पित प्रसंग घेऊ. प्रश्न असा : ‘या कारखान्यात ऊर्जावापराचा आढावा किती वेळा घेतला जातो?’ मेंटेनन्सचा प्रमुख ‘रोज’वर खूण करतो. तपासणारा विचारतो, काल आढावा घेतला म्हणजे नेमकं काय केलंत? “शिफ्ट सुटताना पॅनेलवरचं रीडिंग वहीत उतरवलं.” वही कोण वाचतं? “वही इथेच असते.” हाच प्रश्न हिशेबखात्यात नेला तर तिथला माणूस ‘महिन्याला’ म्हणतो, कारण बिल महिन्याला येतं. वायूचं कंत्राट मुख्य कार्यालय करतं, त्यामुळे त्याच्या लेखी ऊर्जा म्हणजे फक्त वीज. बॉयलरची वाफ तर दोघांनीही मोजलेली नाही. कुणीही खोटं बोललेलं नाही, आणि दोन्ही उत्तरं निरुपयोगी आहेत. फॉर्म आपला एकच असतो आणि बहुधा हिशेबखात्यात येऊन पडतो.

यावर उपाय म्हणजे प्रश्न फोडणं : ऊर्जा म्हणजे काय काय ते आधी सांगा, आढावा म्हणजे कुणी आकडे पाहून पुढचं काही ठरवणं असं स्पष्ट करा, मग ‘किती वेळा’. पण सरकारी फॉर्मवर तो भरायला अंदाजे किती वेळ लागेल तेही छापावं लागतं, आणि त्या वेळेचं समर्थन करावं लागतं. एका प्रश्नाचे तीन झाले की दुसरीकडचे दोन गाळायची चर्चा सुरू होते. वहीतलं रीडिंग कोण वाचतं, एवढंच विचारायलाही आणखी एक ओळ लागते.