७३ जिंकले, पण कप कुठाय?

रंकाळ्यावर भेळ खाताना परवा पुन्हा तेच ऐकलं: ‘गोल्डन स्टेट वॉरियर्सनी ७३ मॅच जिंकल्या आणि एनबीएचा कप मारला!’ नाही भावा. एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, वॉरियर्स ही त्यातली एक टीम. २०१५-१६ मध्ये साखळीतल्या ८२ पैकी ७३ जिंकल्या, त्यातल्या पहिल्या २४ सलग, हे खरं. त्यांच्या स्टीफन करीनं तर ४०२ थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट) टाकले. पण सात मॅचच्या फायनलला ३-१ नं पुढं असताना पाचव्या मॅचला त्यांचा ड्रेमंड ग्रीन निलंबित झाला आणि समोरच्या क्लीव्हलंडनं उरलेल्या तिन्ही घेतल्या. सातवी वॉरियर्सच्या घरच्या कोर्टावर! ८९-८९ बरोबरी, मिनिटभरही उरलं नव्हतं, तेवढ्यात क्लीव्हलंडच्या कायरी अर्व्हिंगचा थ्री पडला अन् खेळ खलास. घोळ होतो, कारण २०१५ आणि २०१७ चे कप त्यांचेच. तेव्हाच्या विक्रमी ७२ जिंकून कपही नेला, तो १९९६ ला शिकागो बुल्सनी.