दोन चुलींचे घर

दोन चुलींचे घर : आईवडील आणि मुलगा-सून, किंवा दोन भाऊ, अशी एकाच कुटुंबातील दोन बिऱ्हाडे एका छपराखाली, पण वेगळ्या स्वयंपाकघरांसह राहू शकतील अशी घराची आखणी. ठाणे आणि नवी मुंबईत ती गावठाणातील घरे, सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची) बैठी घरे, रो-हाउस आणि जोडून घेतलेले फ्लॅट अशा रूपांत आढळते.

जनगणनेत एकत्र राहणाऱ्या आणि सामान्यतः एकाच स्वयंपाकघरातले अन्न जेवणाऱ्यांचे एक कुटुंब धरतात. त्या मोजणीने इथे दोन कुटुंबे होतात. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये मांडलेल्या व्याख्येत एकत्र कुटुंबासाठी एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि नाते या गोष्टी येतात. यांपैकी चूल तेवढी या घरात वेगळी असते. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी पुढे निवास आणि चूल यांपेक्षा परस्परांवरील जबाबदाऱ्यांना अधिक महत्त्व दिले. नकाशा काढणाऱ्याला देसाई यांची दृष्टी जास्त उपयोगी पडते. रोजचा स्वयंपाक वेगळा असला, तरी गणपतीत, बाळंतपणात आणि आजारपणात हे घर एकच असते, आणि नकाशाने दोन्ही वेळा भागवाव्या लागतात.

उगमाबद्दल दोन मते मांडता येतात. पहिल्या मतानुसार हे घर गावठाणातल्या वाटणीतून आले. वाटणी झाली की ओटीपासून परसापर्यंत उभी भिंत घातली जाई. ओटी आणि माजघर अर्धे अर्धे होत, विहीर मात्र सामाईक राही. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर पुढे आगरी-कोळी गावांच्या शेतजमिनी संपादित झाल्या. कुटुंबे वाढली, जागा वाढली नाही, आणि पुढच्या पिढीची चूल वरच्या मजल्यावर गेली. दुसरे मत या घराचे मूळ सिडकोच्या वाढत्या, म्हणजे गरजेप्रमाणे पुढे वाढवता येणाऱ्या, घरांत शोधते. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1983–86 च्या सुमारास बेलापूरला उभारलेले आर्टिस्ट्स व्हिलेज. तिथे सात-सात घरे साधारण 8 × 8 मीटरच्या अंगणाभोवती मांडली आहेत. सर्वांत लहान भूखंड सुमारे 45 चौ. मी.चे असले, तरी कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही; शेजाऱ्याची भिंत न हलवता प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे हा त्यामागचा विचार. ऐरोली आणि कोपरखैरणे येथील बैठ्या घरांवरही मजले चढले, पण तिथे भिंती खेटून असल्याने उजेड मागच्या-पुढच्या बाजूनेच येतो. वाटणीची भिंत नाते तोडण्यासाठी घातली जाते, तर दोन चुलींचे घर ते टिकवण्यासाठी आखले जाते. त्यामुळे रचनेचे बीज गावठाणात असले, तरी जाणूनबुजून अशी आखणी करण्याची रीत बहुधा 1980 नंतरची मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

विभागणी उभी किंवा आडवी असते. उभ्या विभागणीत दोन्ही बिऱ्हाडांना तळमजला मिळतो, पण प्रत्येकाचा दर्शनी भाग अरुंद होतो. आडव्या विभागणीत ज्येष्ठ खाली आणि तरुण वर राहतात. लहान भूखंडावर हीच सोयीची. जिना बाहेरून घेतल्यास रात्री उशिरा येणाऱ्याला खालच्यांची झोपमोड करावी लागत नाही. ठाण्यात वर्षाला साधारण 2500 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून असा जिना उघडा ठेवू नये, त्यावर पत्रा किंवा स्लॅब घ्यावा. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिमी आहे. मजल्याची उंची 3 मीटर धरली तर त्या हिशेबाने 16 चढाव होतात. 18 केल्यास प्रत्येक चढाव 167 मिमीवर येतो. दोनच चढाव वाढतात, पण ज्येष्ठ वरच्या नातवंडांकडे जाऊ शकतील की नाही, हे पुष्कळदा तिथेच ठरते.

जोत्याची उंची संहितेनुसार किमान 450 मिमी लागते. चाकाच्या खुर्चीसाठी 1:12 चा उतार द्यायचा तर 5.4 मीटर लांबी हवी. ती रो-हाउसच्या पुढच्या मोकळ्या जागेत सरळ मावत नाही. कडेला जागा सोडलेली असेल तर उतार काटकोनात वळवून तिकडे न्यावा लागतो आणि तो पहिल्याच नकाशात दाखवावा लागतो. ज्येष्ठांच्या खोलीला लागून शौचालय, 900 मिमी रुंद दार आणि बिनउंबऱ्याची मोरी या गोष्टी आज गरज नसली तरी आजच करून घ्याव्यात. दोन स्वयंपाकघरे एकावर एक घेतली की नळ आणि सांडपाण्याचे पाइप एकाच डक्टमधून जातात. वरची मोरी खालच्या देवघरावर येऊ नये, याकडे बहुतेक घरांतून लक्ष दिले जाते.

या आखणीतला सर्वांत नाजूक भाग म्हणजे मधले दार. ते दिवाणखान्यात उघडले तर एकीकडचे पाहुणे दुसरीकडच्यांच्या नजरेत येतात. झोपण्याच्या खोलीत तर ते नकोच. उभ्या विभागणीत स्वयंपाकघरांजवळच्या बोळात ते सर्वांत बरे. भाजीची वाटी तिथूनच जाते-येते, आणि सासूने हाक मारली तर सुनेला हातातला झारा न ठेवता ऐकू येते. कडी दोन्ही बाजूंना असावी. एकाच बाजूला असली की दार कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. सणावारी मोकळी जागा हवी असल्यास दोन्ही दिवाणखान्यांमध्ये घडीचा लाकडी पडदा घेतात. गणपतीच्या दिवसांत तो सरकवला की आरतीला सगळे एका जागी मावतात. नैवेद्य मात्र एकाच ओट्यावर शिजतो. जुन्या ठाण्यात वाटणीनंतर बुजवलेल्या दाराचे फडताळ झालेलेही पाहायला मिळते. चौकट तशीच, आत डबे.

जोडफ्लॅट हा प्रकार पुनर्विकासामुळे वाढला. नौपाड्यासारख्या भागात जुन्या घरांच्या जागी इमारती आल्या, तेव्हा काही भावंडांनी शेजारशेजारचे फ्लॅट मागून घेतले. घोडबंदर रस्ता किंवा खारघर येथील अनेक नव्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्या भार पेलत असल्याने मागाहून दार पाडता येत नाही. म्हणून मधल्या दाराची मागणी बांधकामाचा नकाशा मंजूर होण्यापूर्वीच करावी लागते.