रेडिओ रेबेल्दे

क्यूबाच्या क्रांतियुद्धात फिडेल कास्त्रो यांच्या बंडखोर सेनेने सिएरा माएस्त्रा पर्वतातून चालविलेले नभोवाणी केंद्र. एर्नेस्तो चे गेव्हारा यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. २४ फेब्रुवारी १९५८ रोजी आल्तोस दे कोन्रादो येथून पहिले प्रक्षेपण झाले. १८९५ साली याच तारखेला स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले गेले होते.

क्यूबात रेडिओ हे राजकारणाचे व्यासपीठ आधीपासूनच होते. १९५१ मध्ये लोकप्रिय नेते एदुआर्दो चिबास यांनी भ्रष्टाचारावरील रेडिओ-भाषण संपताच स्टुडिओतच स्वतःवर गोळी झाडून घेतली. १३ मार्च १९५७ रोजी विद्यार्थी नेते होसे आंतोनियो एचेव्हेरिया यांनी हवानातील रेडिओ रेलोह केंद्र ताब्यात घेऊन हुकूमशहा बातिस्ता ठार झाल्याचे जाहीर केले. ती बातमी खरी ठरली नाही, प्रक्षेपण मध्येच तुटले आणि थोड्याच वेळात विद्यापीठाजवळ पोलिसांच्या गोळीबारात एचेव्हेरिया मारले गेले. शहरातले केंद्र काही मिनिटांपुरतेच हाती राहते. डोंगरातल्या केंद्राचे मोल त्यामुळेच मोठे.

सुरुवात मात्र अगदीच तुटपुंजी होती. चे यांनी लिहिले आहे की, पहिल्या प्रक्षेपणाला श्रोते दोनच: समोरच्या उतारावरच्या झोपडीतला एक शेतकरी आणि छावणीत आलेले फिडेल. पुढे केंद्र ला प्लाता येथील मुख्य तळावर हलले. व्हेनेझुएलातील हुकूमशाही जानेवारी १९५८ मध्ये कोसळली होती. तेथील केंद्रे हे कार्यक्रम पुनःप्रक्षेपित करू लागली आणि डोंगरातला आवाज क्यूबाभर पोहोचला. अभिनेत्री व्हिओलेता कासाल निवेदिका होत्या. स्थानिक शेतकरी कुटुंबातील वादकांचे ‘किंतेतो रेबेल्दे’ हे पथक बातिस्ताची खिल्ली उडवणारी गाणी गाई.

केंद्राचे खरे बळ विश्वासार्हतेत होते. सरकारी सेन्सॉरशिपमुळे वृत्तपत्रे मुकी झालेली असताना लढायांचा तपशील येथे ऐकू येई. १९५८ च्या उन्हाळ्यात बातिस्ताच्या सैन्याने डोंगरावर काढलेल्या मोहिमेत पकडलेले सैनिक रेडक्रॉसच्या हवाली करण्याची बोलणीही याच रेडिओवरून झाली. शत्रूच्या जखमींना परत पाठवणारी सेना लोकांना सरकारसारखी वाटू लागली, हे या केंद्राचे सर्वांत मोठे यश म्हणावे लागेल.

१ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता पळाल्यावर लष्करी अधिकारी सत्ता बळकावण्याच्या बेतात होते. कास्त्रो यांनी पाल्मा सोरियानो येथून रेडिओवर सार्वत्रिक संपाची हाक दिली आणि तो डाव फसला. हे केंद्र आजही राष्ट्रीय नभोवाणी म्हणून चालू आहे.

पुढे कास्त्रो यांच्या सरकारविरुद्ध अमेरिकेनेही हेच शस्त्र उचलले: क्यूबासाठी प्रक्षेपण करणारी रेडिओ स्वान (१९६०) आणि रेडिओ मार्ती (१९८५) ही केंद्रे. कॅरिबियनमधील ग्रेनेडा बेटावर १३ मार्च १९७९ रोजी न्यू ज्युएल मूव्हमेंट या क्रांतिकारी पक्षाने लष्करी बराकींपाठोपाठ रेडिओ केंद्र ताब्यात घेतले. पक्षाचे नेते मॉरिस बिशप यांनी त्यावरूनच पोलीस ठाण्यांना शस्त्रे खाली ठेवण्यास सांगितले.